मामाची पीआरआय लाइन

‘आयएसडीएन’चा फुल फॉर्म सांगा, असं व्हायवात विचारलं की आपल्याकडे दोन प्रकारची उत्तरं येतात. पाठांतरवाले ‘इंटिग्रेटेड सर्व्हिसेस डिजिटल नेटवर्क’ म्हणून सुटतात. उरलेले मनातल्या मनात ‘आय स्टिल डोन्ट नो’ म्हणतात. हा विनोद आपल्या हॉस्टेलचा नाही बरं का! जगभरचे टेलिफोनवाले तो गेली कित्येक वर्षं करत आले आहेत.

सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आयएसडीएनवरच्या पहिल्या शिफारशी १९८४ साली आल्या आणि १९८८ मध्ये त्यांना सविस्तर रूप मिळालं. म्हणजे हे तंत्र वयानं आपल्या आईबाबांच्या पिढीचं. आपल्या पुस्तकात ते एका धड्यात आटपतं, पेपरात पाच मार्कांना येतं आणि ‘आता कोण वापरतं?’ असं म्हणत आपण पान उलटतो. मला ते पान इतक्या सहज उलटता येत नाही, कारण माझ्या मामाचं घर त्या पानावर चालतं.

आधी एक खुलासा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. आमच्याकडे मराठी म्हणजे एक पेपर, तो सुटला की सुटलो! त्यामुळे मी मराठी विभागात लिहितेय हे कळल्यावर रूममेट पोट धरून हसली. पण टेलिफोनबद्दल मला जे काही खरोखर समजलं आहे ते मामाकडून, अर्धं मराठीत आणि अर्धं मालवणीत समजलं आहे. ते इंग्रजीत लिहायला बसले तर त्यातला मामाच निघून जाईल. तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मामाचं दुकान मालवणच्या बाजारपेठेत. एके काळी त्यावर पिवळा बोर्ड होता, एसटीडी-आयएसडी-पीसीओ. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून लोक जेवूनखाऊन, बॅटरी घेऊन फोन करायला यायचे. गणपतीच्या आधी तर रांग लागायची. मुंबईच्या चाकरमान्यांना गाडीत बसण्यापूर्वी काय काय आणायचं ते सांगायचं असे आणि मीटरचे आकडे पळत असत! मग मोबाइल आले. रांग आखडली, एक दिवस बोर्ड उतरला. मामानं हात टेकले नाहीत. पुण्याला जाऊन ईपीएबीएक्सचं काम शिकून आला. ईपीएबीएक्स म्हणजे ऑफिसच्या पोटातलं छोटं एक्स्चेंज. आपल्या हॉस्टेलचा इंटरकॉम ज्यावर चालतो तेच. तेव्हापासून देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतची हॉटेलं, ऑफिसं आणि दवाखाने त्याच्याकडे. स्कूटरच्या डिकीत क्रोन टूल, टेस्ट फोन, जंपर वायरचं रीळ आणि मल्टिमीटर. एवढ्या सामानावर त्यानं दोन मुलींची शिक्षणं केली.

२०२५ च्या मे महिन्यात मी सुट्टीत त्याच्याबरोबर कामाला गेले. काम कुडाळच्या बाजूला एका खाजगी हॉस्पिटलचं. नाव सांगत नाही. सुमारे चाळीस एक्स्टेंशन, एक पीआरआय लाइन, दोन साध्या लाइनी. अवकाळी पावसात वीज जवळच पडली आणि जुन्या ईपीएबीएक्सची कार्डं जळाली. नवं मशीन आलं होतं, जुन्याच पीआरआयवर ते बसवायचं होतं.

मी लॅपटॉप घेऊन तयार. मामा म्हणतो, “गो बाय, आधी कुदळ, मगे लॅपटॉप.”

पहिला अर्धा दिवस आम्ही अर्थिंगचा खड्डा उकरण्यात घालवला. आपल्या कोकणात जांभा. वर मातीचा थर पातळ, खाली सच्छिद्र दगड. पावसाळ्यात पाणीच पाणी, पण एप्रिल-मेमध्ये सगळं कोरडं ठाक. कोरड्या जमिनीत अर्थिंगचा रेझिस्टन्स चढतो, आणि विजा नेमक्या त्याच दिवसांत कडाडतात. तारेवरून आलेला झटका जमिनीत जायला वाट मिळाली नाही की तो कार्डातून वाट काढतो. कोळसा, मीठ, पाणी घालून खड्डा परत भरला, मीटरवर आकडा पाहिला, मगच मामानं मशीनचं खोकं फोडलं. शिवाय इथली खारी हवा! क्रोनच्या पट्टीवर हिरवी बुरशी चढल्यासारखा गंज दिसतो. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटनं खेड्यांसाठी १२८ लाइनचं एक्स्चेंज बनवलं तेव्हा ते एसीशिवाय चाललं पाहिजे, ही अट डोळ्यांपुढे ठेवली होती असं आपण वाचतो. ती अट किती शहाणपणाची होती हे मालवणात राहिल्याशिवाय कळत नाही.

आता पीआरआयची ओळख करून घेऊ. (बोअर होणाऱ्यांनी पुढचे दोन परिच्छेद टाळले तरी चालेल, पण व्हायवाला उपयोगी आहेत!) साधी लाइन म्हणजे दोन तारा आणि एका वेळी एक संभाषण. आयएसडीएनचा लहान भाऊ बीआरआय. त्यातही तारा दोनच, पण त्यात प्रत्येकी ६४ किलोबिटचे दोन बी चॅनल बोलायला आणि १६ किलोबिटचा एक डी चॅनल निरोप द्यायला. मोठा भाऊ पीआरआय. त्याच्या चार तारा, दोन जायला, दोन यायला. सेकंदाला ८००० फ्रेम, प्रत्येक फ्रेममध्ये २५६ बिट, म्हणजे २०४८ किलोबिट. त्याचे ३२ कप्पे. शून्याव्या कप्प्यात ताल, सोळाव्यात निरोप, आणि उरलेल्या ३० कप्प्यांत ३० माणसं एकाच वेळी बोलतात. मामा म्हणतो, डबलबारीच्या भजनात टाळ धरणारा असतो ना, तो शून्यावा कप्पा. तो चुकला की बुवा कितीही चांगला असू दे, भजन कोसळतं.

निरोपांना वेगळी वाट का? पूर्वी बोलण्याच्या वाटेवरूनच एक्स्चेंजचे इशारेही जायचे. अमेरिकेत काही पोरांच्या लक्षात आलं की लांब पल्ल्याची लाइन २६०० हर्ट्झच्या सुराला फसते, आणि कॅप्टन क्रंच नावाच्या खाऊच्या डब्यातली शिट्टी नेमका तोच सूर काढते! शिट्टी मारून फुकट फोन. १९७१ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात यावर लेख आला आणि प्रकरण गाजलं. डी चॅनलवर ही शिट्टी चालत नाही. बोलणाऱ्याचा आवाज त्या कप्प्यापर्यंत पोहोचतच नाही. ज्या वाटेवरून परकी माणसं येतात-जातात, त्या वाटेवर घराची किल्ली ठेवू नये. एवढं साधं तत्त्व. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मशीन भिंतीवर चढलं, कार्ड घातलं, चार तारा जोडल्या. हिरवा दिवा लागला. मला वाटलं झालं! पण हिरवा दिवा म्हणजे फक्त पहिला थर, तारांवर ताल जुळला एवढंच. दुसरा थर उभा राहीना. आयएसडीएनमध्ये एका टोकाला ‘नेटवर्क’ असावं लागतं आणि दुसऱ्या टोकाला ‘युजर’. नवं कार्ड कारखान्यातून ‘नेटवर्क’ म्हणून आलं होतं. दोन्ही टोकं यजमान झाल्यावर पाहुणा कोण? ते बदललं. मग घड्याळ. ईपीएबीएक्सनं आपलं घड्याळ न वापरता लाइनवरून येणारं घड्याळ घ्यायचं असतं. दोन घड्याळं किंचित जरी वेगळी चालली तरी मधूनच एखादी फ्रेम गळते नाहीतर दोनदा येते. बोलताना फक्त ‘टक्’ असा आवाज येतो, त्याकडे कुणी लक्ष देत नाही. फॅक्स मात्र अर्ध्यावर तुटतो, आणि मग सगळे फॅक्स मशीनला दोष देतात.

येणारे फोन सुरू झाले. एक्स्चेंज नंबराचे शेवटचे आकडे डी चॅनलवर पाठवायचं आणि ईपीएबीएक्स त्यावरून थेट त्या एक्स्टेंशनची घंटी वाजवायचं. यालाच डीआयडी म्हणतात. बाहेर जाणारे फोन मात्र एका सेकंदात मरत होते. मामानं मालवणला दुकानात लावून पाहिला, मेला. स्वतःच्या मोबाइलवर लावला, तोही मेला.

इथे माझं पुस्तक कामाला आलं. मशीनमध्ये डी चॅनलचा ट्रेस पाहायची सोय होती. तो लावला. आपल्याकडून ‘सेटअप’ जात होता आणि समोरून ‘कॉल प्रोसीडिंग’ न येता थेट ‘रिलीज कम्प्लीट’ येत होता. खाली लिहिलेलं, कॉज २८. आयएसडीएनमध्ये फोन का तुटला याचं कारण आकड्यात येतं. १६ म्हणजे नीट संपला, १७ म्हणजे समोरचा एंगेज, ३४ म्हणजे वाट मोकळी नाही. आणि २८ म्हणजे नंबराचा साचा चुकीचा. मी पाठवलेला नंबर पाहिला. ०२३६५ पासून सुरू होणारा, मालवणचा. आणि शेजारी प्रकार लिहिलेला, ‘नॅशनल’.

मित्रांनो, आपण लहानपणापासून मालवणचा कोड ०२३६५, कुडाळचा ०२३६२ असं म्हणत आलो. पण त्यातलं शून्य नंबराचा भागच नाही! ‘मला गावाबाहेर जायचं आहे’ असं एक्स्चेंजला सांगण्याची ती खूण. नंबर २३६५ पासून सुरू होतो. डी चॅनलवर ‘हा नॅशनल नंबर आहे’ असं एकदा सांगितलं की वर पुन्हा शून्य लावणं म्हणजे बसमध्ये बसल्यावर पुन्हा स्टँडवर जाण्यासारखं. मोबाइलचंही तेच. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावं लागतं, म्हणून तेही अडकत होते. मी मशीनला प्रकार ‘अननोन’ पाठवायला सांगितलं, म्हणजे शून्यासकट अर्थ लावायचं काम एक्स्चेंजचं. मामानं परत दुकान लावलं. घंटी वाजली. मामा काही बोलला नाही, फक्त वहीत लिहून ठेवलं. शाबासकी द्यायची त्याची तीच पद्धत आहे.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. खरा प्रश्न पुढे आला, तो रिमोट ॲडमिनिस्ट्रेशनचा.

हॉस्पिटलचे व्यवस्थापक साहेब हिशेबी माणूस. त्यांचं म्हणणं असं की दर वेळी मामा मालवणहून येणार, धामापूरची वळणं घेत तास घालवणार, त्याचे पैसे का द्यायचे? मशीनला लॅनचं पोर्ट आहे, हॉस्पिटलला ब्रॉडबँड आहे, तिथूनच करा! ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांचा इंजिनीअरही फोनवर तेच सांगत होता. पोर्ट बाहेरून उघडं ठेवा, पासवर्ड कारखान्याचाच राहू दे म्हणजे आमच्या कुठल्याही माणसाला घुसता येईल, बाकी आम्ही बघून घेऊ.

साहेबांच्या यादीत आणखी एक ओळ होती. ‘ऑपरेटर आवश्यक नाही.’ डीआयडी आलं, ‘स्वागत आहे, अपॉइंटमेंटसाठी एक दाबा’ म्हणणारा आवाज मशीनमध्येच आला, मग बोर्डावर माणूस कशाला? बोर्डावर बसणाऱ्या ताई तिथे खूप वर्षं आहेत. कुठला डॉक्टर कुठल्या वेळी कुठल्या वॉर्डात सापडेल हे त्यांना वही न उघडता सांगता येतं. ती यादी टेबलावरच पडली होती, त्यांनी ती वाचलीही असणार. आम्हाला दुपारी कोकम सरबत आणून दिलं, आणि विचारलं एवढंच, “माझा जुना बोर्ड ठेवणार काय काढणार?”

मी गप्प राहिले. उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी इंजिनीअरिंगला आले तेव्हा माझ्या शिक्षणाचा असाही उपयोग होतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मामा त्या रात्री जेवताना माझ्यावरच उखडला, जणू पोर्ट मीच उघडायला सांगितलं होतं. “घराक कुलूप नाय, आणि म्हणे आमी लांबसून बघतंव! माका सांग, ह्यो दरवाजो रात्री बंद कोण करतलो?”

त्याचा राग खोटा नव्हता. ईपीएबीएक्सचा ॲडमिन पासवर्ड ज्याच्या हाती लागतो त्याच्या हाती तीसही वाटा लागतात. जगभर हा धंदा चालतो. चोर रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी घुसतो, बाहेरून आलेला फोन परत बाहेर वळवायची सोय चालू करतो आणि तुमच्या लाइनीवरून परदेशातल्या महागड्या नंबरांवर तासन्‌तास फोन लावतो. त्या नंबरांच्या उत्पन्नात त्याचा वाटा असतो. सकाळी ऑफिस उघडतं तेव्हा दिवे सगळे हिरवेच असतात. कळतं ते बिल आल्यावर, आणि बिल लाइन ज्याच्या नावावर आहे त्याच्या नावावर येतं. ती २६०० हर्ट्झची शिट्टी बंद झाली तरी शिट्टी मारणारे गेले नाहीत, त्यांनी फक्त दुसरा दरवाजा शोधला.

दुसऱ्या दिवशी मामानं साहेबांपुढे आपली व्यवस्था मांडली. इंग्रजी शब्द मी पुरवले, बाकी बोलणं त्याचं. कारखान्याचा पासवर्ड आज, आत्ता बदलायचा. परदेशी फोन सगळ्या एक्स्टेंशनना बंद, ज्या दोघांना लागतात त्यांना कोड. बाहेरून येऊन बाहेर जायची सोय कायमची बंद. इंटरनेटवरून यायचं तर व्हीपीएनमधून, आणि त्या राउटरची केबल एरवी काढून ठेवलेली. दुसरी वाट साध्या लाइनीवरची. मशीनमध्ये मोडेम आहे, पण त्याला बाहेरून थेट नंबर द्यायचा नाही. मामा ऑपरेटरला फोन करणार, ऑपरेटर खात्री करून तो फोन मोडेमच्या एक्स्टेंशनवर जोडणार, मगच दार उघडणार.

“म्हणजे दोन्ही वेळी इथे माणूस लागणारच,” साहेब म्हणाले.

“लागणार,” मामा म्हणाला. “किल्ली कुणाकडे तरी असायला हवी ना साहेब? इथे सगळ्यांचे आवाज ओळखणारं माणूस एकच आहे.”

साहेब खूश झाले नाहीत. पाऊस संपेपर्यंत असंच राहू दे, मग बघू, असं ठरलं. ताईंनी कोपऱ्यातून सगळं ऐकलं होतं. त्यांनी फक्त मोडेमच्या एक्स्टेंशनचा नंबर विचारला आणि हातावर लिहून घेतला.

पाऊस संपायचा कुठला, तो त्या वर्षी वेळेआधीच आला! २५ मे २०२५ ला मान्सून देवगडपर्यंत पोहोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. इतका लवकर तो महाराष्ट्रात १९९० नंतर आला नव्हता. आमच्याकडे माडाच्या झावळ्याही उतरवून झाल्या नव्हत्या. मला २०२१ चा मे आठवला. दहावीची परीक्षा रद्द झालेली, आणि १६ मेला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. खांब आडवे, वीज गेली ती गेलीच, मोबाइलच्या कांड्या नाहीशा. तेव्हा आमच्या वाडीत मामाचा जुना तारेचा फोन तेवढा बोलत होता. कारण सोपं आहे, त्या फोनला घरची वीज लागत नाही. एक्स्चेंजमधली बॅटरी त्याच तांब्याच्या तारांवरून ४८ व्होल्ट पाठवत असते. ती बॅटरी असेपर्यंत तो बोलतो.

मान्सून आल्यावर दोनच दिवसांनी सकाळी ताईंचा मोबाइलवरून फोन. “दिवो लाल झालोहा.” पीआरआय गेली होती. वाटेत झाड पडलेलं, एसटी थांबलेल्या, आम्ही मालवणात. मामा म्हणाला, ठीक, इंटरनेटवरून जाऊ. ताईंनी राउटरची केबल लावली. काही नाही! पीआरआय आणि ब्रॉडबँड एकाच खांबांवरून, एकाच केबलनं आत येत होते. वेगवेगळी दोन बिलं भरली म्हणजे वेगवेगळ्या दोन वाटा झाल्या, असं नसतं. लांबून दुरुस्ती करायची वाट जर बिघडलेल्या वाटेवरूनच जात असेल, तर बिघाडाच्या दिवशी ती नसते. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे, तुम्हीही ठेवा.

उरल्या दोन साध्या लाइनी. त्या तांब्याच्या, दुसऱ्या बाजूनं येणाऱ्या. चाळीस एक्स्टेंशन आणि दोन लाइनी. मशीन अजून सगळ्यांचे फोन मेलेल्या पीआरआयकडेच पाठवत होतं. ते वळवायचं तर मशीनमध्ये शिरायला हवं, आणि शिरायचं तर त्या दोनातली एक लाइन आम्हालाच अडवायला हवी.

मामानं साध्या लाइनीवर फोन लावला. ताईंनी उचलला, आवाज ओळखला, आणि म्हणाल्या, “थांबा हां. लेबर रूममधसून फोन इलोहा. तो आधी जाऊंदे.”

आम्ही थांबलो. मामाच्या दुकानात पत्र्यावर पाऊस कोसळत होता. मशीन नीट चालू करणं तातडीचं होतं, मी लॅपटॉपवर सगळे बदल टाइप करून तयार ठेवले होते. पण समोर कुणीतरी प्रसूतीच्या बाईसाठी गाडी मागवत होतं, आणि आधी काय हे ठरवणारं माणूस त्या खोलीत बसलेलं होतं. कुठल्याही मशीनला मी हे शिकवू शकले नसते. मशीनच्या दृष्टीनं दोन्ही फोन सारखेच.

पाच-सहा मिनिटांनी मोडेमची ती किर्र किर्र आवाजांची जुगलबंदी ऐकू आली. (ज्यांनी ऐकली नसेल त्यांनी एकदा ऐकावी, भजनी मंडळ आणि मिक्सर एकदम सुरू झाल्यासारखी.) आम्ही फार थोडं केलं. बाहेर जाणारे फोन पीआरआयवरून काढून दोन साध्या लाइनींवर टाकले. बाहेर लावायची परवानगी फक्त आयसीयू, लेबर रूम, कॅज्युअल्टी आणि ताईंच्या बोर्डाला ठेवली. ‘एक दाबा, दोन दाबा’ म्हणणारा आवाज बंद केला. चाळिसांच्या मागण्या आणि दोन लाइनी असताना तिथे माणूसच हवं. बदल सेव्ह केले, बॅकअप फाइल उतरवायचा मोह टाळला, कारण त्या वेगाला ती उतरायला वेळ लागला असता, आणि फोन ठेवला. लाइन मोकळी झाली.

टेलिफोन कंपनीची माणसं केबल जोडून गेली ती तिसऱ्या दिवशी. तोपर्यंत ताईंनी तो बोर्ड चालवला. जेवण तिथेच, वहीत प्रत्येक फोनची वेळ. केबल आल्यावर आम्ही गेलो, पीआरआय परत जोडली, ट्रेस पाहिला. आल्यागेल्याचे सगळे निरोप जागच्या जागी. साहेबांनी मामाचं बिल पास केलं. यादीतली ती ओळ खोडली की नाही ते मला माहीत नाही. एवढं खरं की मी कॉलेजला परत आले तेव्हा ताई बोर्डावर होत्या.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण आयएसडीएन तर चाललंच आहे! बरोबर. जपानमध्ये आयएसडीएनवरची डेटा सेवा जानेवारी २०२४ मध्ये बंद झाली. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२३ पासून नवी आयएसडीएन लाइन विकतच नाहीत. त्या हॉस्पिटललाही कधीतरी फायबरवरून सिप येणार. मामाला धंदा बदलायची ही तिसरी वेळ. बोर्ड उतरवताना तो तरुण होता, आता त्याला चष्मा लागतो. म्हणून हॉस्टेलला परत येण्याआधीच्या रात्री मी त्याला सिपचा ट्रेस उघडून दाखवला. ‘सेटअप’च्या जागी ‘इन्व्हाइट’. ‘अलर्टिंग’च्या जागी ‘१८० रिंगिंग’. ‘कनेक्ट’च्या जागी ‘२०० ओके’. कॉज १७ च्या जागी ‘४८६ बिझी’. आणि निरोपांची वाट बोलण्यापासून वेगळी, इथेही.

त्यानं चष्मा सारखा केला, ओळ न्‌ ओळ बोट ठेवून वाचली. “म्हणजे नाव बदलला, माणूस तोच मां?” आणि मग वहीचं नवं पान काढलं.

मला प्लेसमेंटला काय मिळेल ते मिळो. पुण्यात कुठल्या तरी एसी खोलीत बसून लांबच्या मशीनचा कारभार बघायची नोकरी मिळाली तर मी आनंदानं करीन. पण पलीकडे कोण बसलं आहे, हे आधी विचारीन. आपल्या हॉस्टेलच्या ऑफिसातसुद्धा भिंतीवर एक डबा आहे आणि त्याची किल्ली कुणाच्या तरी खिशात आहे. कधी चौकशी केली आहे?

त्या हॉस्पिटलच्या ईपीएबीएक्सच्या कपाटाच्या दारावर आत एक कागद चिकटवला आहे. अक्षर ताईंचं. त्यावर असं लिहिलं आहे:

१. बाहेरून मशीन मागणाऱ्याचं नाव विचारा.
२. फोन ठेवा. वहीतल्या नंबरावर आपण उलटा फोन करा.
३. वॉर्डातून कुणाचा फोन खोळंबला नाही ना, बघा.
४. मगच लाइन द्या. वेळ लिहा.
५. काम झाल्यावर लाइन परत घ्या. वेळ लिहा.

चार ओळी मामानं सांगितल्या होत्या. तिसरी ताईंची.